जे हलत नाही

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या बाहेर, माळावरच्या वेधशाळेत जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, संध्याकाळी पाचलाच काळोख व्हायचा. काळोख झाला की नेलिदा अंगणातला दिवा विझवायची. छतावरच्या कॅमेऱ्याला नव्वद किलोमीटर उंचीवरच्या हवेची मंद चमक टिपायची असते, आणि खालचा एवढासा उजेडही त्याला खपत नाही. वारा डोंगरांवर आपटला की हवेत लाटा उठतात आणि चढत चढत तिथवर पोचतात. त्या चमकेत त्यांचे पट्टे दिसतात. तिचा धाकटा भाऊ ब्राउलिओ मेंढपाळ. वेधशाळेमागच्या घरी परतताना वाटेची खूण म्हणून त्याला तो एकच दिवा होता.

"तुझ्या लाटांपायी आम्ही चाचपडत यायचं का, नेली?" तो कुरकुरायचा. ती हसण्यावारी न्यायची.

या जूनमध्ये एका संध्याकाळी घोडा एकटाच परतला. लोकांनी दोन आठवडे माळ पालथा घातला, मग नाद सोडला. नेलिदानं सोडला नाही. तो चिलीत गेला असणार, एखाद्या बाईच्या मागं, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. तिचा त्यावर खरोखर विश्वास होता.

अशातच ब्वेनोस आयरेसहून, तिची चित्रं जिथं जायची तिथल्या शास्त्रज्ञ डॉक्टर इतुर्रास्पेंचा फोन आला. त्यांच्या संगणकाच्या गणितानुसार डोंगरावर भलीमोठी लाट दिसायला हवी होती, आणि हिच्या चित्रांत काहीच नव्हतं.

"कॅमेरा झोपलाय की तू?" त्यांनी विचारलं.

चूक तिच्या चटकन लक्षात आली. रात्रभराच्या चित्रांची सरासरी काढायची आणि ती प्रत्येक चित्रातून वजा करायची, अशी तिथली रीत. चित्राच्या कडेला आलेलं कुंपण, छप्पर, खांब निघून जातात, हलतं ते उरतं. पण डोंगराची लाट एका जागी उभी असते. तीही नेलिदा रोज पुसून टाकत होती.

तिनं सरासरीची चित्रं पहिल्यांदाच उघडली. लाट होती. आणि खाली कडेला, विझलेल्या दिव्याच्या खांबाशी, ब्राउलिओ उभा होता, मान वर करून दिव्याकडे बघत.

तिनं एकेक रात्र मागं जात सगळी चित्रं पाहिली. घोडा परतला त्या रात्रीपासून कालपर्यंत प्रत्येक चित्रात तो होता, त्याच जागी, टोपीची कडसुद्धा स्पष्ट. चालताफिरता माणूस सरासरीत विरून जातो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जिवंत माणूस रात्रभर इतका निश्चल उभा राहत नाही. चिली, ती बाई, सगळं तिथंच संपलं.

त्या संध्याकाळी तिनं दिवा जळता ठेवला, दारही उघडं टाकलं.

"ये रे," ती अंगणाकडे बघून म्हणाली. "लावलाय दिवा."

कुणी आलं नाही. सकाळी तिनं चित्र उघडलं. उजेडानं आकाश पार धुऊन गेलं होतं. कुंपण होतं, खांब होता. खांबाशी कुणी नव्हतं. त्याला वाट सापडली, हे तिला कळलं, आणि ती ढसाढसा रडली.

त्या दिवशी काळोख होताच तिनं दिवा विझवला. लाट हातची जायला नको, असं तिनं डॉक्टरांना कळवलं.