दाताखालचं शिसं

घरात माझ्याशी रोज बोलणारं एकच उरलंय, ते म्हणजे ब्लडप्रेशरचं मशीन. तेही मेलं चांगलं काही बोलत नाही. तीन-तीन गोळ्या घेतो, बायको गेल्यापासून अळणी गिळतो, विडी-सिगारेट कधी शिवली नाही. तरी आकडा खाली यायला तयार नाही.

परवा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून विचारलं, "काका, किडन्याही थोड्या दमल्यात. तुम्ही काम काय करायचात?"

"करायचात काय? अजून करतो," मी म्हटलं. "मासे धरायच्या गळाला बांधतात ना, ती शिशाची वजनं ओततो. घरीच, स्वयंपाकघरात."

मग मी चांगलं रंगवूनच सांगितलं. जुने शिशाचे नळ वितळवायचे, साच्यात ओतायचे, कडा कानशीने घासायच्या. शिसं चोख आहे की भेसळीचं, हे बघायला वजन दाताखाली धरायचं. ठसा उमटला की पास, नाही तर पुन्हा भांड्यात. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आणखी एक तपासणी लिहून दिली.

रक्तात शिसं निघालं. "फार नाही," बाई म्हणाल्या, "पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडांत साठतं, प्रेशर वाढवतं, किडन्यांना त्रास देतं. तुमचं सगळं त्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण काम आजपासून बंद. आणि घर नीट साफ होईपर्यंत तिथे लहान मूल आणू नका. मुलांना थोडंसुद्धा चालत नाही."

आठ दिवसांनी माझी नात यायची होती. सहा वर्षांची आहे. मुलगी तिला घेऊन वर्षातून एकदाच येते, महिनाभर. उरलेले अकरा महिने मी त्या एका महिन्याच्या जिवावर काढतो.

आणि वजन दाताखाली धरायचं काम आमच्या घरात पोरींचंच. मुलगी लहान होती तेव्हा ओट्याशेजारी स्टुलावर बसून ती करायची. कडक मास्तरीण! "पास! नापास!" असं ओरडून घर डोक्यावर घ्यायची. गेल्या सुट्टीत त्या स्टुलावर नात बसली. मीच उचलून बसवली.

दोन दिवस मी मुलीला फोन केला नाही. साचे पोत्यात बांधले, फरशी तीनदा पुसली. म्हटलं, झालं की घर चकचकीत, कशाला सांगायचं? ते शिसं काय उठून नातीच्या मागे धावणार आहे? मग फळीवरचा तिचा पांढरा कप काढला. आतून बोट फिरवलं, बोट करडं झालं. जीभ झडो माझी, क्षणभर वाटलं, कप धुतला की झालं.

तिसऱ्या दिवशी मुलीचाच फोन आला.

"बाबा, तिकिटं काढली. आणि ऐका ना, माझंही प्रेशर वाढलंय हो. चौतिसाव्या वर्षी! डॉक्टर म्हणतात, टेन्शन."

मी सगळं सांगून टाकलं.

"पोरीनं तर गेल्या सुट्टीत रोज..." ती म्हणाली.

"हो. आणि तू सात वर्षं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा?"

"नव्हतं गं, देवाशपथ नव्हतं. उद्याच्या उद्या दोघींचं रक्त तपासून घ्या. आणि इकडे येऊ नका."

मला वाटलं, भांडेल, शिव्या घालेल. बरं वाटलं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली. तेवढ्यात नातीनं फोन हिसकावला.

"आजोबा, माझं स्टूल तिथंच आहे ना?"

"नाही गं, सोन्या. मोडलं ते."

"मग आता मी कुठं बसू?"

पलीकडून मुलीनं फोन काढून घेतला आणि ठेवून दिला.

मी स्वयंपाकघरात गेलो. स्टूल ओट्याशेजारी उभं होतं. ते मोडायला मला अर्धा तास लागला. लाकूड फार चांगलं होतं.