मानेवरची दोन बोटं

थोरलीचा जबडा मोडल्याचा आवाज धाकटीने रिंगच्या खाली उभं राहून ऐकला. मोठा नव्हता. दाढेखाली खडा यावा तेवढाच होता. थोरली गुडघ्यांवर आली, दातांवरचं रबर थुंकायला गेली आणि तोंड मिटेचना. समोर भट्टीवाली ग्लोव्ह्ज वर धरून पुन्हा मारायला तयार उभी. पंच मध्ये पडला म्हणून, नाहीतर तिने हाणलंच असतं.

भट्टीवाली म्हणजे बेकरीत कामाला असलेली बाई. दिवसभर कणकेचे गोळे आदळायचे आणि तापलेले ट्रे ओढायचे. खांदे असे की बाह्यांची शिवण उसवावी. पूर्वी ती या दोघी बहिणींच्या मामाकडेच बॉक्सिंग शिकायची. एक दिवस कडाक्याचं भांडून निघून गेली आणि जाताना मामाचं गुपित घेऊन गेली.

गुपित कसलं डोंबलाचं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मामाचा हॉल फरशांच्या गोदामावर होता आणि मामाकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. ठोसा हळू पडतो? पळ. पोटात मार सोसत नाही? पळ. घरी भांडण झालं? दोन किलोमीटर जास्त पळ. रोज सकाळी दहा किलोमीटर, मागून सायकलवर घंटी वाजवत मामा. दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर, तोंड चांगलं उघडं. परत आलं की बहिणींनी एकमेकींच्या मानेवर दोन बोटं ठेवायची, नाडी मोजायची आणि आकडा मामाला ओरडून सांगायचा. ज्याची नाडी लवकर खाली येते तो खरा गडी, असं मामाचं मत. धाकटीची नेहमी आधी यायची, थेट बहात्तरवर.

"तुला काळीज आहे की घड्याळ गं?" थोरली चिडवायची. धाकटीला ते ऐकायला इतकं आवडायचं की कधीकधी ती मुद्दाम अंग सैल सोडून उभी राहायची.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "मार बसला तेव्हा तोंड उघडं होतं का?"

"श्वास घेत होती," मामा म्हणाला.

"दात घट्ट मिटलेले असते तर जबडा कदाचित वाचला असता."

मामाने मान डोलावली, जणू हवापाण्याबद्दल बोलणं चाललंय. धाकटीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टीवालीने ठोसा अंदाजाने मारलाच नव्हता. थोरली तिसऱ्या फेरीत रस्त्यावरच्यासारखीच श्वास घेत होती, तोंड उघडून, दोन आत, दोन बाहेर. भट्टीवालीने मोजलं आणि बरोबर आत घेताना हाणलं. मामाने शिकवलेला श्वास मामाच्याच शिष्येने मोडला होता.

धाकटीने मामाला एकदा सांगून पाहिलं. "मामा, पळून छाती तयार होते हे मला मान्य. पण खांद्यांना त्याचा काय पत्ता? ताईला शेवटपर्यंत धाप लागली नव्हती. हातच वर येत नव्हते तिचे."

"म्हणजे पळणं कमी पडलं," मामा म्हणाला.

अशा माणसापुढे डोकं आपटून काय होणार? धाकटीने मूग गिळले आणि आपल्यापुरतं ठरवलं. दोघी बहिणी लाँड्रीत कामाला होत्या. थोरली इस्त्रीच्या टेबलावर, धाकटी धुलाईला. धाकटीने पिळायच्या यंत्राकडे पाठ फिरवली आणि ओल्या चादरी हाताने पिळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी विसाव्या चादरीलाच नाकी नऊ आले. दहा किलोमीटर हसत पळणारी पोरगी चादरींपुढे कुत्र्यासारखी धापा टाकत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. तीन महिन्यांनी ती दीडशे चादरी पिळून जेवणाच्या सुट्टीत गाणी म्हणायला लागली.

पळणं तिने सोडलं नाही. पळणं वाया जात नव्हतंच. चादर खाली ठेवली की दुसरी उचलेपर्यंत तिचा श्वास जागेवर यायचा, बाकीच्या बायका अजून कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. फक्त आता ती घरातून निघताना तोंडात एक घोट पाणी धरायची. दहा किलोमीटर ते पाणी गिळायचं नाही, सांडायचं नाही, श्वास सगळा नाकाने. मामा मागून घंटी वाजवत "तोंड उघड!" म्हणून ओरडायचा. हॉलच्या पायऱ्यांपाशी ती पाणी थुंकायची आणि मनात भट्टीवालीला म्हणायची, तुझा जबडा, तुझा जबडा.

थोरलीच्या दातांवरच्या तारा निघाल्या, पण जबडा डावीकडे सरकलेलाच राहिला. भाकरीचा तुकडासुद्धा दुधात कालवून खायची. धाकटीची भट्टीवालीशी लढत ठरली त्या दिवशी इस्त्री करता करता थोरली म्हणाली, "जिंकशील तू. पण माझं उट्टं तिच्या तोंडावर काढू नकोस."

"तिने तुला बघून बघून मारलंय ताई."

"म्हणूनच म्हणते. मी आठ महिने गिळायला शिकतेय. शत्रूलाही नको हे. वचन दे."

"बरं," धाकटी म्हणाली. तेवढंच म्हणाली.

लढत दुपारी होती. पहिल्या फेरीत भट्टीवालीने तिला झोडपून काढलं. उजव्या हाताचा एक ठोसा सरळ नाकावर बसला आणि आत काहीतरी कडकडलं. रक्त घशात उतरलं. नाकाने श्वास घेण्याचं सगळं गणित तिथेच फिसकटलं. धाकटीने दात मिटलेलेच ठेवले, रक्त गिळलं आणि एका नाकपुडीतून येईल तेवढ्या हवेवर उभी राहिली. बरगडीवर दोन बसले. डोळ्यापुढे काजवे चमकले. घंटा झाली तेव्हा पायांखालचं रिंगचं कापड तिच्याच रक्ताने ठिपक्याठिपक्यांचं झालं होतं.

"तोंड उघड!" कोपऱ्यात मामा कानात ओरडला. "गुदमरून मरशील!"

तिने थोरलीकडे बघितलं. थोरली पहिल्या रांगेत, हाताची मूठ आपल्या वाकड्या हनुवटीखाली धरून बसली होती.

मिनिटभराची विश्रांती. बाकी कुणाला पुरली नसती. धाकटीचं काळीज मात्र रोजच्यासारखं शहाण्यागत खाली आलं. दुसऱ्या फेरीला ती उठली आणि तिने तोंड उघडलं. दोन आत, दोन बाहेर, पहिल्या रांगेला ऐकू जावं असं मोठ्याने. भट्टीवालीचे डोळे चमकले. ओळखीचं दार उघडं दिसलं होतं. ती मोजू लागली आणि आत घेण्याच्या वेळेला पूर्ण ताकदीने आली. पण धाकटी आत घेत नव्हतीच, नुसता आवाज करत होती. उघडे होते ते नुसते ओठ; दात मिटलेले, पोट घट्ट. ठोसा कानावरून घसरला आणि तिची डावी मूठ भट्टीवालीच्या यकृतावर बसली. मग उजवी. मग पुन्हा डावी, त्याच जागी. भट्टीवाली दुमडली. धाकटीने तिला सरळ व्हायला वेळ दिला आणि परत तिथेच मारलं. तिला आनंद होत होता. लपवायचं कशाला, आठ महिन्यांत इतका आनंद तिला कशाचाच झाला नव्हता.

तिसऱ्या फेरीत भट्टीवालीचे हात पडले नाहीत. कणीक मळणारे हात ते, ते पडणारे नव्हते. तिचा श्वास संपला. मामाकडून गेल्यापासून तिने पळणं सोडलं होतं. दोरांना टेकून ती ठोसे झेलत राहिली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात गेलं, एका डोळ्याने ती समोर बघत राहिली. आणि जीव कासावीस झाल्यावर माणूस पहिलं शिकलेलं करतो तसं तिने केलं. तोंड उघडलं. दोन आत, दोन बाहेर. रबरामागे जीभ दिसली.

लढत जिंकलेली होती. पंचाने थांबवायला एक पाऊल उचललेलं धाकटीला दिसलं. पोटावर एक टोला पुरला असता, तोही लागला नसता. नुसतं मागे सरकली असती तरी चाललं असतं.

तिने मोजलं. बाहेर, बाहेर. आत.

तोच आवाज आला.

कपडे बदलायच्या खोलीत भट्टीवाली बाकावर बसली होती, हनुवटीखाली टॉवेल, डोळे घट्ट मिटलेले. दवाखान्याची गाडी यायची होती. मामा धाकटीची पाठ थोपटत होता. "बघितलंस? पळण्याचा दम! शेवटी कामाला आला की नाही?"

थोरली आत आली. धाकटीने हात पुढे केले. थोरली तिच्या शेजारून निघून गेली आणि भट्टीवालीसमोर जमिनीवर बसली.

"गिळू नकोस," ती तिला म्हणाली. "जीभ खाली टेकव. लाळ ओघळू दे, लाजू नकोस. मी पुसते. असंच. असंच बाई."

भट्टीवालीने तिचं मनगट धरलं आणि गाडी येईपर्यंत सोडलं नाही. थोरली तिच्याबरोबर गाडीपर्यंत गेली. परत आली तेव्हा टॉवेल लाल होता आणि मामा निघून गेला होता.

ती धाकटीसमोर उभी राहिली. मग सवयीने तिची दोन बोटं धाकटीच्या मानेवर गेली. धाकटीने डोळे मिटले. थोरलीचा श्वास तोंडावर येत होता, ती हळूहळू मोजत होती.

"बहात्तर," थोरली म्हणाली.

धाकटी थांबली. आता ती घड्याळाचं म्हणेल, नेहमीसारखं चिडवेल, मग आपण रडू आणि सगळं सांगू. तिने डोळे उघडले.

थोरलीने बोटं काढून घेतली होती. त्या बोटांकडे बघत ती तशीच उभी होती.

"बहात्तर," ती पुन्हा म्हणाली, आणि पिशवी उचलून एकटीच घरी गेली.