चाइल्डिश कोण?

मधुसूदन सर म्हणजे इंग्रजीचे जुने मास्तर. ताथवड्याच्या कॉलेजात शब्दांची सालं सोलून दाखवण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या लेकीने, पूर्वीने, स्वतःच नवरा शोधला, तोही चाकणच्या कारखान्यात मशीन चालवणारा नवनाथ, म्हटल्यावर सरांनी आठवडाभर तोंड फुगवलं. जेवणाचं ताट मागे सारलं, चहाला नकार दिला. शेवटी "बघून येतो, पुढचं पुढे" एवढ्यावर गाडी आली. पूर्वीचा जीव टांगणीला लागला होता. बाबांच्या होकाराशिवाय ती बोहल्यावर चढणार नव्हती.

आणि बघायला जायचा दिवस कुठला ठरला, तर खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात मशीन बंद, पूजा, आणि घरच्यांना आत यायची मोकळीक. नवनाथने मशीन पुसून लख्ख केलं होतं, झेंडूची माळ घातली होती, हळदकुंकू वाहिलं होतं. इथवर सगळेच करतात. पण हा गडी मशीनवर हात ठेवून म्हणाला, "रंभाबाई, आज आराम करा. हे पूर्वीचे वडील, नमस्कार करा." मग मशीनला पेढा दाखवला, स्वतःच गट्टम केला आणि खदखदून हसला.

पूर्वीला हसू आलं, आणि तिने चोरून बाबांकडे पाहिलं.

सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चाइल्डिश."

नवनाथचं तोंड एवढंसं झालं. मग मात्र पूर्वीचं डोकं सटकलं.

"चुकलात बाबा. हा चाइल्डलाइक आहे."

"एकच ते."

"एकच? पेपरात असं लिहिलं असतं तर तुम्ही भोपळा दिला असता. साध्यासुध्या गोष्टीत लहान मुलासारखा रमतो, तो चाइल्डलाइक. मनासारखं झालं नाही की जेवण सोडून रुसून बसतो, तो चाइल्डिश. तुम्हीच शिकवलंय."

सरांचे कान लाल झाले. अख्ख्या आयुष्यात एवढा चोख अर्थ कुणी त्यांच्याच पदरात घातला नव्हता. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि आठवडाभर अडकलेलं हसू बाहेर पडलं.

ते नवनाथजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, आमच्या घरात एक चाइल्डिश माणूस आधीपासून आहे. दुसरा झेपला नसता. तुम्ही आहात तसेच या."

जावईबापू म्हणाले बाबा. भर कारखान्यात पूर्वीला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलंही नाही.