फ्लॉपीच्या पोटातली अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. तळहातापेक्षा लहान, चौकोनी, निळी आणि एके काळी फार भाव खाणारी! पेन ड्राइव्ह येण्याआधी एका संगणकावरचं काम दुसऱ्यावर न्यायचं, तर ते माझ्याच पोटात घालून न्यावं लागे. पोट मात्र एवढुसं. दोन मोठे फोटो खाल्ले की झालं!

मला कुठल्या कारखान्यात कुणी घडवलं, ते आठवत नाही. आठवतो तो कळमनुरीचा संगणक वर्ग. तिथं सपनाताईने मला घेतलं. २००२ साली ती नर्सिंग शिकायला नांदेडला निघाली, तेव्हा तिने मला धाकट्या बहिणीच्या, साक्षीच्या हातावर ठेवलं.

"सगळं पूस, पण ही एक फाईल राहू दे."

"काहून? काय हाय तिच्यात?"

"राहू दे म्हणलं ना! मोठ्या बहिणीचं कधीतरी ऐकत जा."

तेवढ्यात एसटी सुटली आणि उत्तर तिच्याबरोबरच गेलं.

साक्षी नववीत होती आणि वेबपेज बनवायचं तिला नुसतं वेड लागलं होतं! संगणक वर्गातल्या रविंद्र सरांनी दिलेली टॅगांची, म्हणजे वेबपेज लिहायच्या खुणांची, झेरॉक्स तिने फाटेपर्यंत वाचली. नोटपॅडमध्ये लिहायचं, ब्राउझरमध्ये उघडायचं, चुकलं की पुन्हा लिहायचं. दुसऱ्याचं पान आवडलं की उजवं बटण दाबून त्याचा सोर्स बघायचा, जसं छान झंपर दिसलं की उलटं करून शिवण बघावी! आणि लाइट जायच्या आत सगळं मला भरवायचं. मी कर्रकर्र करत गिळायचे.

मग हिंगोलीचं विज्ञान प्रदर्शन आलं. साक्षीने पान केलं ते आईवर. पद्माबाईचं वारंगा फाट्यावर खिचडी-भज्यांचं छोटं हॉटेल. ती शाळेत कधी गेलीच नव्हती. फाट्यावर थांबणाऱ्या एसटीच्या पाट्या बघून बघून वाचायला शिकली होती.

"इंग्रजीत कर, सोपं जाईल," सर म्हणाले.

"मग आमच्या आईनं कसं वाचायचं, सर?"

पान मराठीतच झालं. कोपऱ्यात फिरणारं फूल टाकायची साक्षीला भारी हौस, पण माझ्या पोटात जागाच उरली नव्हती. तिने त्या अनोळखी फाईलवर माउस नेला. माझा जीव खालीवर! "जाऊ दे, ताई वरडंल," म्हणत तिने शेवटी फुलावरच पाणी सोडलं.

प्रदर्शनाच्या दिवशी पद्माबाई हॉटेल बंद ठेवून, ठेवणीतलं पातळ नेसून हिंगोलीला आली. साक्षीने ऐटीत पान उघडलं आणि अगं बाई! पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम. कशाचा कशाला मेळ नाही.

"काय गं, कीबोर्डवरून मांजर गेलं का?" मागून एक पोरगं ओरडलं. सगळे हसले.

पद्माबाई पडद्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "ही पाटी मला येत न्हाई गं माय."

साक्षीचे डोळे भरून आले. वर्गातल्या संगणकात मराठी अक्षरं दाखवणारा फॉन्ट होता, इथल्या संगणकात नव्हता. पान हिंगोलीला आलं, अक्षरं कळमनुरीलाच राहिली! मी आतून जीव तोडून कर्रकर्र करत होते, अगं, माझ्या पोटात बघ ना!

आणि तिने बघितलं. ताईने एवढं जपायला लावलेलं काय असेल, म्हणून ती फाईल उघडली. तोच मराठी फॉन्ट! घाईघाईने तिने तो त्या संगणकात टाकला, पान पुन्हा उघडलं.

पद्माबाईने पडद्यावर बोट टेकवलं. "वा-रं-गा फा-टा... प-द्मा-बा-ई..." ती थांबली. "अगं, ह्या पाटीवर तर मीच हाय!"

"मावशी, भजी कशी दिली?" मांजरवाल्या पोराने विचारलं.

"आधी वाच, मग खा!"

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. पण माय-लेकी परतीच्या एसटीत मला आळीपाळीने हातात धरून बसल्या होत्या.

आता साक्षीच्या नव्या संगणकाला माझ्यासाठी फटच नाही. मी हॉटेलातल्या बडीशेपेच्या जुन्या डब्यात राहते. तक्रार? छे! केवढं बघायला मिळालं मला!

मित्रांनो, जुनं काही पुसण्याआधी ते काय सांभाळून बसलंय, तेवढं विचारा. आणि कुठंही जा, आपली अक्षरं सोबत न्या. हॉटेल बंद ठेवून कुणाची तरी आई ती वाचायला आलेली असेल.