मिस्त्रीचा कान

मास्तरांची गाडी मिस्त्रीने नुसती ऐकून दुरुस्त केली असती, तर त्याला लाभ एकच होता, पण मोठा: लेकीचं तोंड बंद झालं असतं. "बाबा, कानाला मशीन लावा," हे टुमणं तिने वर्षभर लावलं होतं. ज्याच्या कानावर भरवसा ठेवून लोक गाड्या आणत, त्याने मशीन लावायचं म्हणजे दुकानाची पाटीच उतरवायची.

गाडी फ्युएल इंजेक्शनची, पण इतकी जुनी की बिघाड शोधायला कॉम्प्युटर जोडायची सोय नाही. उभी असली की इंजिनाचा वेग वर-खाली व्हायचा, सिग्नलला ते बंद पडायचं. ही तिसरी खेप. थ्रॉटल धुऊन झाला होता, प्लग बदलून झाले होते.

"आज नाही जमलं तर भंगारात," स्टिअरिंगमागून मास्तर म्हणाले.

मिस्त्रीने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं चालू इंजिनावर फिरवलं. डोळे मिटले. चेहरा असा, की सगळं कळतंय. ऐकू येत होती नुसती घरघर.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. दुकानाचा फोन हल्ली तीच उचलायची. "त्यांचे हात काळे आहेत," म्हणायची.

"ही सूं सूं कसली?" ती हळूच म्हणाली.

"कुठे?"

"अहो, इथे. कुकरची रिंग सैल झाल्यासारखी."

तिने दाखवलेल्या, इंजिनाच्या हवेच्या नळीखालून मिस्त्रीने बोट फिरवलं. चीर लागली. ती दाबून धरताच इंजिन एका सुरात चालू लागलं. जास्तीची हवा तिथूनच आत शिरत होती. त्याने इंजिन बंद करायला लावलं, नवी नळी बसवून क्लिप आवळली.

मास्तर खाली उतरले. "मानलं, मिस्त्री. कान असावा तर असा."

"मग! तीस वर्षं झाली," बायको लगेच म्हणाली.

आता फक्त गप्प राहायचं होतं. मिस्त्रीने हात पुसले.

"कान हिचा, मास्तर. मला ते ऐकूच आलं नाही. आज नळी होती. उद्या ब्रेकची करकर ऐकायची सुटली तर? मशीन लावायलाच हवं."

बायको डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. मास्तरांनी मान हलवली. चावी फिरवली आणि गेले.

मास्तरांना गाडी मिळाली, लेकीला हवं ते मिळालं. किंमत मोजली एकट्या मिस्त्रीने. तेही गिऱ्हाइकासमोर, घासाघीस न करता.