दहा नंबरचा सॉकेट

भावजयीने हत्यारांचा खण नणंदेच्या काउंटरवर आदळला. "घ्या मोजून, वन्सं. तुमच्या नजरेला काय, सोन्यातही खोट दिसते."

नणंद विमानाच्या कारखान्यात हत्यारघर सांभाळायची. विमानात कामाला गेलेलं प्रत्येक हत्यार परत येऊन आपापल्या खाचेत बसलं, तरच ती सही करी. आणि तिच्या सहीशिवाय विमान शेडबाहेर पडत नसे. आज एकही खाच रिकामी नव्हती. तिने पान्ह्याच्या टोकाला बसणारा दहा नंबरचा सॉकेट उचलला. अंगठ्याएवढा, कोरा करकरीत. वरचा आकडा खिळ्याने ओरखडलेला. ती स्वतः आकडे खोल कोरायची.

"हा माझा नाही."

"हाच तो!"

"पोटचं पोर कुठलं, हे आईला दुसऱ्याने सांगावं लागत नाही गं."

भावजयीने खण स्वतःकडे ओढला. "हरवला कुठेतरी. मी बाजारातून दुसरा आणला. कुणाचं काय बिघडलं?"

"डाव्या पंखात काम केलंस ना? तिथेच राहिला असला तर? पंख म्हणजे इंधनाची टाकीच. वर गेल्यावर नळीच्या तोंडाशी जाऊन बसला, म्हणजे?"

आवाज ऐकून विभागप्रमुख आला. हा गृहस्थ फक्त दिवसांत बोलायचा, म्हणून सगळे त्याला कॅलेंडर म्हणत. नदीपलीकडच्या कारखान्याचं विमान शुक्रवारी उडणार होतं, यांचं गुरुवारी. जो आधी उडेल त्याला मागणी, दुसऱ्याच्या शेडला कुलूप.

"डावा पंख उघडायचा, शोधायचा, पुन्हा सील करून वाळवायचा. तीन दिवस, म्हणजे थेट शनिवार!" कॅलेंडर कडाडला. "चारशे घरांच्या चुलीत पाणी ओतताय, बाई."

"चुली पुन्हा पेटतील, साहेब. वर गेलेल्या वैमानिकाला कोण खाली आणणार?"

तिने सही केली नाही. पंख उघडावा लागला.

मग तिच्या खुर्चीला ग्रीस फासलं गेलं. ती डबा उघडून बसली, की शेजारचे उठून जात. जेवणाआधी ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची, तर मागून कुणीतरी म्हणालं, "माग, माग. आमच्यासाठी नोकऱ्यापण माग."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंखाचा कोपरान् कोपरा चाचपून झाला. सॉकेट नव्हता.

"झालं समाधान?" कॅलेंडरने टाळ्या वाजवल्या. शेड हसली. "करा सही."

"सॉकेट आणा."

"अहो, नाही तो आत!"

नणंद भावजयीकडे वळली. "त्या दिवशी आणखी कुठे हात घातला होतास?"

"कुठेही नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

भावजय विमानाच्या चाकाकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "उजव्या पंखात. पाच मिनिटं."

हसणं थांबलं. 

"काल सांगितलं असतं तर दोन्ही पंख फोडले असते यांनी!" भावजय किंचाळली. "यांचं काय जातंय, एकटा जीव! माझा नवरा वर्षभर घरी बसलाय."

"माझाही भाऊच आहे तो."

"मग भावाच्याच ताटात माती कालवलीत!"

नणंदेने उजवा पंख उघडायला पेचकस काउंटरवर सरकवला आणि वहीत त्याचा नंबर लिहिला. भावजयीने पेचकस हिसकावला.

"सापडला ना, तर तुमच्या तोंडावर फेकून मारीन."

"खुशाल फेक," नणंद म्हणाली. "पण आण."