मोडलेला पाय आणि मी

मी एक कादंबरी. माझी पहिली आवृत्ती तीच शेवटची. मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयानं मला विकत घेतलं, पाठीवर क्रमांक चिकटवला आणि सगळ्यात खालच्या फळीत उभं केलं. वरच्या फळीत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं होती, त्यांना उसंत म्हणून नव्हती. माझ्याकडे मात्र धूळ सोडून कुणी फिरकत नसे. चुकून कुणी काढलंच, तर शेवटचं पान वाचून परत ठेवायचं. माणसांची ही खोड मला अजून उमगलेली नाही.

मग जोयानं मला घरी नेलं, भावासाठी. तिचा भाऊ फरहान पेठेच्या संघातला फुटबॉलपटू. सामन्यात कसबा बावड्याच्या संघातल्या विश्वजितशी चेंडूसाठी झटापट झाली आणि फरहानच्या नडगीचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये. दिवसभर मोबाइलवर तोच प्रसंग बघत तो पडून असायचा. मित्र यायचे, विश्वजितचाही पाय मोडायचे बेत करायचे. फरहान त्यांना अडवत नव्हता.

शेवटी आईनं, शमशादनं, मोबाइल काढून घेतला. तेव्हा नाइलाजानं त्यानं मला उघडलं.

माझ्यात केरबा नावाच्या ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट आहे. त्याच्या हातून अपघात होतो, शेजाऱ्याचा हात जातो. केरबा रोज शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातो आणि धीर न होऊन माघारी फिरतो. आधी फरहान केरबावर चिडला. पुढं पुढं त्याची बोटं पानांवर रेंगाळू लागली. त्या दाराच्या प्रसंगाशी तर तो थांबलाच.

“जोया, विश्वजित आलता का गं हिकडं?”

“आलता की. कोपऱ्यावर थांबला नि गेला. तू चिडशील म्हणून सांगितलं न्हाय.”

संध्याकाळी मित्र जमले. बावड्याला निघायची तयारी करूनच आले होते.

“कुणी जायचं न्हाय,” फरहान म्हणाला. “पाय माझा मोडलाय. झोप त्याला बी येत नसंल.”

“तुला काय ठाऊक?”

“ठाऊक न्हाय. पण वाटतंय तसं.”

कुरकुरत का होईना, पोरं पांगली. फरहाननं आईकडून मोबाइल मागून घेतला आणि विश्वजितला बोलावलं. तो आला, पण उंबऱ्याबाहेरच खिळला. शमशादनंच हाताला धरून त्याला आत घेतलं, चहा दिला. फरहाननं मला त्याच्या हातात ठेवलं. “हे वाच. आधी चहा घे.”

सध्या मी बावड्यात आहे. माझी पाठ उसवली आहे, वाचनालयाची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. त्या सामन्यानंतर विश्वजितनं चेंडूला पाय लावला नव्हता. काल मला पालथं ठेवून तो मैदानावर जाऊन आला.

वाचकहो, तुमच्या ओळखीत कुणी रागानं धुमसत बसलेलं पोर असेल, तर त्याला उपदेश करू नका. माझ्यासारखी एखादी त्याच्या उशाशी ठेवा आणि गुपचूप बाहेर या.